आठ सप्टेंबर

आमच्या घरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब असायचा. शेजारच्या आंटींच्या कॅलेंडरवर गाणाऱ्यांचे वाढदिवस असायचे.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधली, सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचे नाना मालगाडीचे गार्ड. आंटींचे यजमान मेल ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन. दोन घरांत एकच भिंत. त्यांच्याकडे रेकॉर्ड लागली की आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे अगदी बारीक वाजायचे आणि कणीक मळता मळता आई म्हणायची, "लागला बघ त्यांचा जिम."

हा जिम म्हणजे जिम रीव्ह्ज, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं 'कंट्री' संगीत गाणारा. टेक्सासमधल्या गॅलोवे गावचा, जन्म २० ऑगस्ट १९२३. भारतातल्या अँग्लो-इंडियन वस्त्यांत, गोव्यात, केरळात, ईशान्येकडे या माणसाला घरच्यासारखं प्रेम मिळालं. त्याचं कारण मला त्या भिंतीतूनच कळलं होतं. तो ओरडत नाही. मायक्रोफोनच्या अगदी जवळ येऊन, समोर एकच माणूस बसलाय असं समजून गातो. इंग्रजी न येणाऱ्या माझ्या आईलाही त्याचं म्हणणं पोचायचं. वीस ऑगस्टला आंटी केक करायच्या आणि एक तुकडा ताटलीत झाकून आमच्याकडे यायचा. वाढदिवस कुणाचा म्हणून विचारलं तर त्या रेकॉर्डच्या वेष्टनाकडे बोट दाखवायच्या. तो जिवंत नाही हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. ३१ जुलै १९६४ ला नॅशव्हिलजवळ वादळी पावसात तो स्वतः चालवत असलेलं छोटं विमान पडलं होतं. पण त्याच्या मागे राहिलेली ध्वनिमुद्रणं त्याची पत्नी मेरी एकेक करून बाहेर काढत राहिली, त्यामुळे त्याची 'नवी' गाणी येतच होती. केकही होत होता. लहान मुलीनं आणखी काय समजायचं?

मराठीत आपण नीट फरक करतो. असतो त्याचा वाढदिवस, गेलेल्याची जयंती. आंटींच्या घरात हा फरक नव्हता. सगळ्यांचेच वाढदिवस. निळ्या शाईनं चौकटीत फक्त पहिलं नाव लिहिलेलं असायचं, जिम, हँक, किटी, जणू सगळे त्यांच्या नात्यातलेच.

त्या कॅलेंडरवर सगळ्यात गच्च भरलेली चौकट म्हणजे ८ सप्टेंबर.

त्या दिवशी आंटी सकाळी चर्चला जायच्या, कारण तो मेरीमातेचा जन्मदिवस. मुंबईकरांना ही तारीख वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेमुळे ठाऊक असते. ती जत्रा याच सणाच्या पाठोपाठच्या रविवारी सुरू होते. चर्चमधून आल्या की रेकॉर्ड लावायच्या. "आज पॅट्सी का भी बर्थडे है, बेबी. और ओल्ड जिमी का भी." आमच्या बाजूला तेव्हा रेडिओ चालू असायचा आणि त्यावर आशाताई. कारण आशा भोसल्यांचा जन्मही आठ सप्टेंबरचाच, १९३३ सालचा, सांगलीचा. भिंतीच्या एका बाजूला सांगली, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. मी मधल्या ओट्यावर बसून दोन्ही ऐकायचे.

पुढे आंटी पर्थला गेल्या, मुलाकडे. मी पुण्याला आले, नोकरी, संसार यांत बरीच वर्षं गेली. मग इंटरनेट आलं आणि एका रात्री मी ती आठ सप्टेंबरची चौकट उघडून बसले. पॅट्सी कोण, ओल्ड जिमी कोण. तेव्हापासून हे गाणारे माझ्यामागे लागलेत ते लागलेतच.

ओल्ड जिमी म्हणजे जिमी रॉजर्स. जन्म ८ सप्टेंबर १८९७. आता पहिली गंमत अशी की तारखेबद्दल कुणाचं भांडण नाही, गावाबद्दल आहे. मिसिसिपीतलं मेरिडियन हे त्याचं गाव म्हणून सगळीकडे लिहिलेलं असतं. पण त्यानं स्वतः एकदा कागदावर अलाबामातलं गायगर लिहून ठेवलंय. दोन राज्यं त्याला आपला म्हणतात. त्याचे वडील रेल्वेत, रूळ राखणाऱ्या गँगचे मुकादम. आई तो लहान असतानाच गेली. गँगमधल्या काळ्या मजुरांना पाणी पाजत फिरता फिरता गाणी त्याच्या कानावर पडली. मग तो स्वतःही रेल्वेत लागला, ब्रेकमन म्हणून.

ब्रेकमन म्हणजे काय, हे मला पुस्तकं वाचून नीट समजलं नव्हतं. ते नानांनी समजावलं, त्याबद्दल पुढे सांगते. इथे एवढंच की १९२४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्याला क्षय झाल्याचं निदान झालं आणि रेल्वे सुटली. त्याच्या आदल्याच वर्षी त्याची सहा महिन्यांची मुलगी वारली होती. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. विश्रांती घ्या, हवा बदला, एवढंच डॉक्टर सांगायचे. हा माणूस गिटार घेऊन गाणी गायला निघाला.

ऑगस्ट १९२७ मधलं ब्रिस्टल हे शहर नकाशावर मुद्दाम बघण्यासारखं आहे. भर बाजारपेठेतल्या रस्त्याच्या मधून राज्याची हद्द जाते. एका बाजूची दुकानं टेनेसीत, दुसऱ्या बाजूची व्हर्जिनियात. तिथे टोप्यांच्या कंपनीच्या एका इमारतीत व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअर नावाच्या माणसानं ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना बोलावणं धाडलं. पंधरवडाभर लोक येत राहिले. १ ऑगस्टला कार्टर कुटुंब आलं. ए. पी. कार्टर, त्याची बायको सेरा आणि मेबेल. मेबेल जेमतेम अठरा वर्षांची, पोटुशी. गिटारच्या जाड तारांवर अंगठ्यानं चाल वाजवायची आणि बाकीच्या बोटांनी ताल धरायचा, ही तिची पद्धत पुढे निम्म्या अमेरिकेनं उचलली. आणि ४ ऑगस्टला आला जिमी रॉजर्स, एकटाच. खरं तर त्याच्याबरोबर वाद्यवृंद होता, पण रेकॉर्डवर नाव कुणाचं छापायचं यावरून आदल्या रात्री त्यांचं फाटलं. एकट्यानं दोन गाणी म्हटली, १०० डॉलर घेतले आणि गेला.

त्या दोन आठवड्यांना लोक कंट्री संगीताचा जन्म म्हणतात. मला ते पटत नाही. गाणी आधीही होती, खेड्यापाड्यांत, चर्चमध्ये, शेतात, काळ्या माणसांच्या पडव्यांत आणि गोऱ्यांच्याही. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत हिंडायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. ब्रिस्टलला झालं ते इतकंच, की हे सगळं कागदावर आलं. नाव, तारीख, पैसे. जन्म वेगळा आणि जन्माची नोंद वेगळी. हे मी इतक्या आग्रहानं का म्हणते, तेही पुढे येईलच.

रॉजर्सच्या हाती त्यानंतर सहाच वर्षं होती. तेवढ्यात त्यानं शंभरावर गाणी ध्वनिमुद्रित केली. १९३० च्या जुलैमध्ये त्याच्या एका गाण्यात लुई आर्मस्ट्राँगनं ट्रम्पेट वाजवला आणि लिल हार्डिन आर्मस्ट्राँगनं पियानो, तेही गोऱ्या-काळ्यांनी एका बाकावर बसायचीही बंदी होती त्या काळात. क्षयावर त्यानं स्वतःच गाणं केलं. १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला शेवटच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी दोन गाण्यांच्या मध्ये त्याला आडवं पडता यावं म्हणून स्टुडिओत खाट टाकलेली होती. उठायचा, गायचा, पुन्हा आडवा व्हायचा. २६ मे रोजी हॉटेलातच वारला. पस्तीस वर्षांचा होता. पार्थिव आगगाडीनं मेरिडियनला नेलं.

मेरिडियनमध्ये त्याचा स्मृतिसोहळा भरतो तो मे महिन्यात, म्हणजे आपल्या भाषेत पुण्यतिथीला. पहिला झाला १९५३ साली. हे वाचलं तेव्हा मी थबकले, कारण त्याच वर्षी पुण्यात भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या पहिल्या पुण्यतिथीला सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. गाणाऱ्याला गाऊनच आठवायचं, हे मिसिसिपीतल्या आणि पुण्यातल्या माणसांना एकाच साली सुचलं. मेरिडियनच्या मंडळींत रॉजर्सला गुरुस्थानी मानणारे हँक स्नो आणि अर्नेस्ट टब होते. टबनं तर रॉजर्सला कधी पाहिलंही नव्हतं. रॉजर्सच्या मागे राहिलेल्या पत्नीनं, कॅरीनं, त्याची गिटार टबला वाजवायला दिली होती.

आता पॅट्सी, म्हणजे पॅट्सी क्लाइन. ८ सप्टेंबर १९३२, व्हर्जिनियातलं विंचेस्टर. रॉजर्स तेव्हा हयात होता, त्या दिवशी त्याला पस्तीस पूर्ण झाली. खरं नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली. आई सोळा वर्षांची. पॅट्सी पंधरा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. तिनं शाळा सोडली, औषधाच्या दुकानात काउंटरवर काम केलं, रात्री गायली. आशाताईंचं आणि तिचं वय एका वर्षाच्या अंतराचं, तेही तारखेसकट. दीनानाथ गेले तेव्हा आशाताई आठ वर्षांच्या. दोन्हीकडे घरात पैसा आणायचा म्हणून गळा कामाला लागला. याहून जास्त साम्य मी ओढूनताणून दाखवणार नाही. पण त्या ओट्यावर बसून दोघींना एकदम ऐकलेल्या मुलीला ते जाणवतंच.

पॅट्सीला लोक रडणारी गायिका म्हणतात. मला ती रडत नाही, आवरते असं वाटतं. १४ जून १९६१ ला नॅशव्हिलमध्ये मोटारीच्या अपघातात ती काचेवर आदळून बाहेर फेकली गेली. कपाळावर खोल जखम झाली, महिनाभर इस्पितळात होती. ऑगस्टमध्ये कुबड्यांवर स्टुडिओत आली ती विली नेल्सन नावाच्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या पोराचं 'क्रेझी' हे गाणं म्हणायला. चार तास गेले. बरगड्या दुखत होत्या, वरचे स्वर लागेनात. मग निर्माता ओवेन ब्रॅडलीनं वाजवणाऱ्यांचं काम तेवढं घेऊन ठेवलं आणि काही दिवसांनी तिनं परत येऊन त्यावर गायलं. आज ते गाणं ऐकताना मी नेहमी श्वास कुठे घेतलाय ते शोधते. प्रत्येक ओळीच्या आधी एक छोटी उसंत आहे. ती बरगड्यांची असेल किंवा गाण्याचीही असेल. आता ते वेगळं करता येत नाही.

५ मार्च १९६३ ला कॅन्सस सिटीहून परतताना तिचं विमान टेनेसीतल्या कॅम्डेनजवळच्या जंगलात पडलं. तीस वर्षांची होती. आणि ती तिकडे गेली होती अपघातात वारलेल्या एका रेडिओ निवेदकाच्या घरच्यांसाठी निधी उभारायला, फुकट गायला.

इस्पितळात असतानाची पॅट्सीची एक गोष्ट मला फार आवडते. रात्री रेडिओवर तिनं एका नव्या मुलीला स्वतःचंच गाणं म्हणताना ऐकलं. त्या मुलीनं ते पॅट्सीसाठी म्हणून गायलं होतं. पॅट्सीनं नवऱ्याला पाठवून तिला बोलावून घेतलं. ती लोरेटा लिन. केंटकीतल्या कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी. तेव्हापासून दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. कपडे, घरखर्चाला पैसे, रंगमंचावर उभं कसं राहायचं याचे धडे, सगळं पॅट्सीनं तिला दिलं.

लोरेटाच्या जन्मतारखेपाशी येऊन मी बराच वेळ थांबते. १४ एप्रिल, यात वाद नाही. साल मात्र तिनं आयुष्यभर पुढचं सांगितलं. आत्मचरित्रात लिहिलं की लग्न झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्यावर चित्रपट झाला, जगानं ते मान्य केलं. २०१२ साली एका वृत्तसंस्थेनं जुने सरकारी कागद काढले तेव्हा जन्माचं वर्ष निघालं १९३२ आणि लग्न जानेवारी १९४८ मधलं, म्हणजे वय पंधरा. काही लोकांनी खोटारडी म्हटलं. मला तसं म्हणवत नाही. वय लपवावं लागलेल्या, किंवा कुणी नीट मोजलंच नाही अशा बायका मी घरोघरी पाहिल्यात.

या संगीताचा इतिहास वाचताना हे सारखं पुढ्यात येतं. जॉनी कॅश २६ फेब्रुवारी १९३२ ला आर्कान्सात जन्मला तेव्हा आईवडिलांचं नावावर एकमत होईना, म्हणून नुसतं जे. आर. ठेवलं. हवाई दलात भरती होताना नुसती अक्षरं चालणार नाहीत म्हणाले, तेव्हा कुठे तो जॉन झाला. हँक विल्यम्स, १७ सप्टेंबर १९२३, अलाबामातलं माउंट ऑलिव्ह. दाखल्यावर त्याचं हायरम हे नावच चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलेलं. आणि तो विली नेल्सन, २९ एप्रिल १९३३ ला मध्यरात्रीच्या जरा आधी जन्मला, कचेरीत नोंद झाली ३० एप्रिलची. त्यानं दोन्ही दिवस आपलेच मानले. नव्वदी झाली तेव्हा 'हॉलिवूड बोल' या खुल्या रंगमंचावर सलग दोन रात्री मैफल झाली, २९ ला आणि ३० ला.

गरिबाच्या घरी मूल आधी येतं, तारीख मागून येते. हे मला अमेरिकेतून शिकावं लागलं नाही. आमच्या नानांची जन्मतारीख १ जून आहे.

महाराष्ट्रात माझ्या वडिलांच्या पिढीतली एक जूनची किती माणसं आहेत याची शहरी वाचकांना कल्पना नसेल. शाळेत नाव घालायला पोरगं आणलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? घरचे म्हणायचे, लई पाऊस झाला होता त्या साली. गुरुजी एक जून लिहायचे. नानांना तर चुलतभावाबरोबर एकाच वर्गात बसवायचं होतं म्हणून वयही वाढवलं. कागदावर १ जून १९३९. सरकारी नोकरीत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. नाना ३१ मे १९९७ ला, कागदावरची अठ्ठावन्न भरली म्हणून, घरी आले. खरं वय चोपन्न. धाकट्या भावाचं शिक्षण अर्धं व्हायचं होतं. कुण्या एका गुरुजींनी एका सकाळी टाकानं लिहिलेल्या ओळीनं आमच्या घरची सव्वातीन वर्षं नेली. नानांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र ती ओळ अजून सलते.

आजी सांगायची त्यात तारीख नव्हती, पण बाकी सगळं होतं. चळवळीचं साल. गावात पोलीस येऊन गेलेले. पोळा दोन दिवसांवर आलेला, कधी म्हणायची तीन. बैलांच्या शिंगांना लावायचा रंग घरात आणून ठेवलेला, आणि तिच्या पोटात दुखायला लागलं ते तो रंग कालवतानाच. चळवळीचं साल म्हणजे १९४२. मी जुनं पंचांग बघितलं. त्या साली अधिक महिना होता, त्यामुळे पोळा उशिरा आला, १० सप्टेंबरला. म्हणजे नाना सात किंवा आठ सप्टेंबरचे.

मी आठ निवडली. का, ते सांगायला नकोच.

तारीख आपण निवडू शकतो, हे धाडस मला मर्ल हॅगर्डकडूनही मिळालं असेल. त्याचा जन्म ६ एप्रिल १९३७ चा, कॅलिफोर्नियातल्या ऑइलडेलचा. वडील सांता फे रेल्वेत सुतार. त्यांनी मालगाडीचा एक जुना डबा विकत घेऊन त्याचंच घर केलं होतं. त्या डब्याला खिडक्या पाडल्या, बाजूला खोल्या काढल्या. आज तो डबा बेकर्सफील्डच्या संग्रहालयात आहे. मर्ल नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि पोरगं हाताबाहेर गेलं. एकविसावा वाढदिवस सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात आला. तिथून सुटून हा माणूस पुढे कष्टकऱ्यांचा असा कवी झाला, की १९६९ साली त्यानं रॉजर्सच्या गाण्यांचा अख्खा संच गायला तेव्हा ते कुणाला उसनं वाटलं नाही. रेल्वेच्या डब्यात वाढलेला माणूस रेल्वेवाल्याचीच गाणी म्हणत होता. २०१६ च्या वसंतात तो आजारी होता. वाढदिवसाला जाईन असं त्यानं घरच्यांना आठवडाभर आधी सांगितलं होतं, हे त्याच्या मुलानंच लिहिलं. आणि ६ एप्रिलला, एकोणऐंशी पूर्ण झाली त्याच दिवशी, तो गेला.

या सगळ्यांत ज्याचा वाढदिवस मी न चुकता पाळते तो मात्र आंटींच्या कॅलेंडरवर नव्हता. त्यांना तो ठाऊक नसावा. १४ डिसेंबर १८९९, डीफोर्ड बेली, टेनेसीचा. लहानपणी पोलिओ झाला, उंची पाच फुटांच्या आतच राहिली. वाद्य म्हणाल तर तोंडाची बाजाची पेटी, हार्मोनिका. रेल्वेच्या पुलाखाली उभं राहून, डोळे झाकून, गाडी डोक्यावरून जाईपर्यंत तो ऐकत राहायचा आणि तो सगळा आवाज, शिट्टी, चाकं, दूर जाणं, त्या एवढ्याशा वाद्यातून काढायचा. नॅशव्हिलच्या रेडिओवर शनिवारी रात्री जो कार्यक्रम आजही चालू आहे त्याला ग्रँड ओल ऑप्री हे नाव पडलं ते १९२७ च्या डिसेंबरमध्ये, डीफोर्डनं आगगाडी वाजवून संपवल्या संपवल्या. आधीच्या तासाला शास्त्रीय ऑपेराचं संगीत झालं होतं. 'जॉर्ज हे' नावाचा निवेदक म्हणाला, आता आपली ऑप्री. तो त्या मंचावरचा पहिला मोठा कलाकार, आणि काळा. दौऱ्यावर बरोबरच्या गोऱ्या वादकांना हॉटेलात खोली मिळायची, त्याला नाही. १९४१ साली गाण्यांच्या हक्कांच्या भांडणात त्याला काढून टाकलं. पुढची कित्येक वर्षं त्यानं नॅशव्हिलमध्येच लोकांचे बूट पॉलिश केले.

१४ डिसेंबर १९७४. डीफोर्ड बेलीचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी तो ऑप्रीच्या मंचावर उभा राहून पुन्हा वाजवत होता. मी ते दृश्य पाहिलेलं नाही, पण ते मनातून जात नाही. आपण अमृतमहोत्सव म्हणतो तसा तो दिवस. शाल कुणी दिली असेल नसेल, पण बोलावलं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागायला २००५ उजाडलं. रॉजर्सचं १९६१ साली, पहिल्या तिघांत लागलं होतं, पॅट्सीचं १९७३ मध्ये. डीफोर्ड तोवर जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

आता नानांचं. गेल्या आठ सप्टेंबरला मी भुसावळला होते. नाना ऐंशी ओलांडून बरेच पुढे गेलेत, ऐकू जरा कमी येतं, पण गाडीचा आवाज आला की कोणती गाडी आहे ते अजून बिनचूक सांगतात. मी पुरणपोळी केली होती. हे तुमच्या खऱ्या वाढदिवसाचं, असं म्हटलं की ते दरवर्षीसारखं म्हणाले, "सरकारदरबारी एक जूनच हो." मग मी फोनवर रॉजर्स लावला आणि कानाशी धरला. हा ब्रेकमन होता, म्हटलं, अमेरिकेत.

"ब्रेकमन म्हणजे गार्डाच्या हाताखालचा," नाना म्हणाले. मग समजावायला लागले. ताटाच्या कडेला वाटी सरकवली, ते इंजिन. पोळीचे तुकडे, ते डबे. डबे जोडायचे, सोडायचे, उतरून सांधा फिरवायचा, गाडी मध्येच थांबली तर मागे लांबवर चालत जाऊन लाल बावटा दाखवायचा. पूर्वी म्हणे चालत्या डब्यांच्या टपावरून पळत जाऊन हातानं ब्रेकची चाकं आवळायची. "आपल्याकडे गाडी अडकली की मी जायचो की मागं, फटाके घेऊन. रुळावर लावायचे. रात्री, पावसात. नुसता कंदील." त्यांनी शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "मी इथं. कायम इथं. सगळ्यात मागं, एकटा. गाणं म्हणायला लई वेळ असतो तिथं."

नाना ड्यूटीवर गाणं म्हणायचे हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात रॉजर्सनं यॉडल घेतला. छातीतला आवाज एकदम डोक्यात उडी मारतो तो. नानांनी मान वर केली. "अरे, हा तर किशोर!"

किशोरकुमारांनी यॉडलिंग रॉजर्सच्या आणि टेक्स मॉर्टनच्या रेकॉर्डी ऐकून उचललं, असं त्यांच्यावर लिहिणारे सांगतात. रॉजर्सच्या रेकॉर्डी तेव्हा हिंदुस्थानातही निघत होत्या. किशोरकुमार खंडव्याचे, जन्म ४ ऑगस्ट १९२९, रॉजर्स ब्रिस्टलला गायला त्या दिवसानंतर बरोबर दोन वर्षांनी. नानांना मी हे सांगितलं. त्यांनी तारखा ऐकून सोडून दिल्या, गाव तेवढं पकडलं. "खंडवा माझं नेहमीचं. रावेर, बऱ्हाणपूर, मग खंडवा. रात्री दोनला पोचायचो, सकाळची परतीची गाडी." मग फोनकडे बघून, "याचं खरं वय काय म्हणालीस?"

"पस्तीस."

ते काही बोलले नाहीत. मी पुढचं गाणं लावलं, 'वेटिंग फॉर अ ट्रेन'. १९२८ चं. सुरुवातीला रॉजर्स तोंडानंच आगगाडीची शिट्टी काढतो, दुरून येणारी. नानांनी हात वर करून मला गप्प केलं आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसले होते.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "नुसती शिट्टी लाव. गाडी वळणावर आहे का सरळ येतेय, ते पाहू दे."